वाकळा निघाल्या इराणला

बयाबाई लोंढे मंडळावर घेतल्या गेल्या, त्या गप्प बसतील या भरवशावर. चोपडे मास्तरांनी पुढे ही गोष्ट स्वतःच कबूल केली, आणि सांगताना ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मंडळ म्हणजे ख्रिस्ती आपत्साह्य मंडळ, मिरज. विलायतेत एक मोठी संस्था होती. तिकडच्या चर्चांतून जमलेला पैसा ती देशोदेशी पाठवी. कुठे विहीर, कुठे शाळेची खोली, कुठे पूर आला तर धान्य. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतलं तिचं काम मिरजेतल्या पाच जणांवर सोपवलेलं होतं. कुठल्या गावाला काय द्यायचं ते त्यांनी ठरवायचं, दिलेलं नीट कारणी लागलं का ते बघायचं, आणि विलायतेला कळवायचं. अध्यक्ष होते हायस्कुलातून निवृत्त झालेले सॅम्युएल चोपडे मास्तर. बाकी चर्चचे पाळक, डॉक्टर साळवी, बुधगावहून सायकलीवर येणारे निवृत्त सुभेदार जोतिबा आवळे, आणि एक वृद्ध गृहस्थ. ते सहासष्ट साली वारले. त्यांच्या जागेचा विचार चालला असतानाच विलायतेहून पत्र आलं : यापुढे प्रत्येक मंडळावर निदान एक तरी बाई हवी.

मग शोधाशोध सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ नाही. शाळेच्या बाई भांडखोर म्हणून मास्तरांनाच नको होत्या. पाळकसाहेबांनी सुचवलं, “आपल्या बयाबाई? चर्चमध्ये इतकी वर्षं मागच्या बाकावर बसतात, कधी मोठ्यानं बोललेल्या ऐकल्या नाहीत.”

बयाबाई एका दवाखान्याच्या शिवणखोलीच्या प्रमुख होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, सावळ्या, शेलाट्या. पदराला कायम दोन सुया टोचलेल्या असत, एकीत पांढरा दोरा आणि एकीत काळा. माहेर तासगावकडचं, शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात मराठी चौथीपर्यंत. नवरा केरबा मिरज स्टेशनात सांधेवाला होता, गाड्यांचे रूळ बदलणारा. लाल-हिरव्या बावट्यांत त्याचा जन्म गेला होता, आणि घरातही तो बावटा दाखवल्यासारखा हात वर करूनच बोलायचा.

पहिल्या सभेला त्या वेळेआधी दहा मिनिटं जाऊन बसल्या. मास्तरांनी मागच्या सभेचं इतिवृत्त इंग्रजीतून घडाघडा वाचलं, वही फिरवली. सगळ्यांनी सह्या केल्या. वही बयाबाईंपुढे आली, तशी त्यांनी लेखणी खाली ठेवली.

“मास्तर, यात काय लिहिलंय?”

“मागच्या सभेत झालं तेच. औपचारिक असतं हे. तुम्ही नुसती सही करायची.”

“सहीच करायची म्हणून विचारते,” बयाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण कापरा नव्हता. “आमच्या खोलीतनं डॉक्टरांचा झगा बाहेर पडतो तेव्हा मी तो उलटा करून टाके बघते, मग चिठ्ठीवर सही करते. सुलट्या बाजूनं सगळेच झगे चांगले दिसतात.”

डॉक्टर साळवींना खोकला आला. सुभेदार आवळे बशीतला चहा ओठांपाशी तसाच धरून बघत राहिले. सभेत ते एकच शब्द बोलत, ‘मंजूर’, आणि तोही बहुतेक वेळा चहा आल्यावर.

मास्तर रागावले. घरी जाऊन बायकोपाशी कुरकुरले. पण माणूस हाडाचा शिक्षक. कुणाला समजलं नाही म्हटल्यावर त्यांना झोप येईना. पुढच्या सभेचं इतिवृत्त त्यांनी मराठीत लिहून आणलं. मग बयाबाईंनी विचारलं, “मंडळाची घटना म्हणता ती पण इंग्रजीतच हाय का?” तेव्हा सबंध उन्हाळा खर्चून त्यांनी तिचाही अनुवाद केला. करता करता त्यांना इतकी गोडी लागली की एकेका कलमासाठी ते पाळकांच्या घरी शब्द शोधत बसू लागले.

असं दीड वर्ष गेलं. आणि सदुसष्टच्या डिसेंबरात, अकरा तारखेच्या पहाटे कोयनेची भुई हलली.

मिरजेत भांडी पडली तेवढंच. पण पाटण तालुक्यातून बातम्या आल्या त्या ऐकवत नव्हत्या. मंडळाची सभा त्याच दिवशी भरली, विलायतेला तार गेली, आणि आठवड्याच्या आत पत्रे, लाकूड, घोंगड्या घेऊन एक ट्रक आणि एक जीप निघाली. जीपमध्ये सुभेदार आवळे होते आणि बयाबाई होत्या. त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. शिवणखोलीची किल्ली दुसरीच्या हातात देऊन त्या आपल्या येऊन बसल्या होत्या.

मंडळाच्या वाट्याला आलेलं गाव होतं उंबरटेक. डोंगराच्या कुशीतली साठ-सत्तर घरं, त्यातली उभी उरली होती अकरा. लोक शेतात, कडब्याच्या आडोशाला राहत होते. सरपंच नानासोंनी पत्र्यांसाठी यादी तयारच ठेवली होती. बयाबाईंनी ती वाचली. वरच्या आळीची नावं आधी, बौद्धवस्तीची सगळ्यांत शेवटी.

“ही यादी कशावरनं केली?”

“आवं, घरं जशी हायती तशी. वरनं खाली.”

“मग आपण दुसऱ्या बाजूनं मोजू,” बयाबाई म्हणाल्या. “ज्या घरात बाळंतीण, तान्हं पोर, न्हाई तर उठता न येणारं म्हातारं माणूस, त्याला पयला पत्रा. मग बाकीचे.”

त्या हिशेबानं पहिले पत्रे गेले बौद्धवस्तीतल्या अंजनाला. धक्क्यानंतर चौथ्या दिवशी ती उघड्या माळावर बाळंत झाली होती. दुसरे गेले वरच्या आळीत आक्काताईच्या सासूला, तिचा पाय तुळईखाली सापडला होता. थोडी कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालंही, “ही किरिस्तावं हायती. आज पत्रं देत्याल, उद्या बाटवत्याल.”

बयाबाई वळून म्हणाल्या, “थंडी अडवायला पत्रा लागतो, बाप्तिस्मा न्हाई. धरा हे टोक.”

त्यावर पहिली हसली ती आक्काताई. चांगली धिप्पाड बाई, थोरला मुलगा पलटणीत, घरची दोन एकर जमीन नदीकाठाला. तिनं पदर खोचला, पत्र्याचं टोक धरलं आणि तो बौद्धवस्तीकडे घेऊन निघाली. मग मागून बोलायला कुणी उरलं नाही.

पुढच्या खेपेला विलायतेहून आलेले कपड्यांचे गठ्ठे उंबरटेकला पोचले. सोडून बघतात तो लोकरीचे कोट निघाले, ते ठीक. पण एक अख्खा गठ्ठा बायकांच्या हॅटांचा निघाला! मखमलीच्या, कागदी फुलं लावलेल्या, एकीवर तर पिसांचा पक्षी बसवलेला. चाळीस-पन्नास होत्या. गावच्या बायांनी त्या हातात घेऊन उलट्या-सुलट्या केल्या. कुणाला काही सुचेना. शेवटी आक्काताईनं एक मोठी जांभळी हॅट उलटी ठेवली, खाली भुसकाट पसरलं आणि कोंबडी अंड्यांवर बसवली. आठवडाभरात गावातल्या निम्म्या कोंबड्या मखमलीत रवणावर बसल्या.

“पावन्यांचं मन लय मोठं हाय बाई,” आक्काताई म्हणाली, “पर त्येंनी आमची डोस्की बघितली न्हाईत.”

बयाबाई पोट धरून हसल्या. पण मिरजेला आल्यावर त्यांनी सभेत सांगितलं की हे विलायतेला कळवायला हवं.

मास्तर दचकले. “देणाऱ्याला नावं ठेवायची?”

“नावं कुठं ठेवतो? पत्रे बेस होते हे पण लिहा. कोट चांगले होते हे पण लिहा. पण त्या हॅटांना जहाजात जागा लागली, तेवढ्या जागेत घोंगड्या आल्या असत्या. आपल्याला कशाला नेमलंय त्यांनी? गोड बोलायला?”

पत्र गेलं. मास्तरांनी ते फार अदबीनं लिहिलं, तरी कोंबड्यांचा मजकूर बयाबाईंनी गाळू दिला नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तिथल्या चिटणिसांनी लिहिलं होतं की ते पत्र त्यांनी भर सभेत वाचून दाखवलं आणि लोक खूप हसले. कपडे पाठवायची रीत आता बदलणार होती. ‘मिसेस लोंढे यांना आमचे विशेष आभार कळवा,’ असं शेवटी होतं. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

अडुसष्टचा पाऊस सरत आला. उंबरटेकला शाळेची नवी खोली उभी राहिली होती. ती बघायला सप्टेंबराच्या पहिल्याच आठवड्यात बयाबाई एस्टीनं पाटणला आणि तिथून पायी गावात गेल्या. त्यांनी खोलीचे वासे मोजले, दार उघडून-लावून बघितलं. मग आक्काताईच्या पत्र्याच्या घरासमोर चहाला बसल्या. अंजनाही आली होती, कडेवर नऊ महिन्यांची मुलगी.

आक्काताईचा मुलगा रजेवर येताना ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. आक्काताईनं विचारलं, “बाई, इराण म्हंजी कुठं आलं?”

“लांब हाय. समुद्रापलीकडं.”

“तिथं बी भुई हालली म्हणं. गावंच्या गावं बसली. रेडूत सांगत होतं.”

बयाबाईंनी पेपरात वाचलं होतं. दहा हजार माणसं गेली असा अंदाज होता. त्यांनी मान हलवली.

“थंडी असती का वं तिथं?” अंजनानं विचारलं.

“असंल.”

मग आक्काताई उठली, आत गेली आणि एक वाकळ घेऊन आली. जुन्या लुगड्यांची गोधडी, सात पदरी, चांगली जड. आपल्याकडे वाकळ म्हणजे घरातली सगळ्यांत जुनी वस्तू. आजीचं लुगडं, आईची चोळी, आजोबांच्या पटक्याचा तुकडा, सगळं तिच्यात शिवलेलं असतं. आक्काताईनं ती बयाबाईंच्या मांडीवर ठेवली.

“ही धाडा.”

“कुठं?”

“इराणला. आमची घरं पडली तवा कोण कुठली माणसं धावून आली. आमी त्येंची तोंडं बघितली न्हाईत, त्येंनी आमची बघितली न्हाईत. आता ह्येंची घरं पडली, तर आमी काय नुसतं रेडू ऐकत बसायचं?”

“आक्काताई, तुमचंच घर आजून पत्र्याचं हाय.”

“मग? पत्र्याखाली बसून द्याला येत न्हाई व्हय?”

अंजना म्हणाली, “मी बी एक शिवते. पोराची. तिथं बी कुनी बाळंत झाली आसंल की.”

परतीच्या एस्टीत बयाबाईंच्या मांडीवर ती वाकळ होती. खिडकीबाहेर ऊस, मळे, कऱ्हाडचा पूल मागे पडत होते आणि त्या मनात सभेची तयारी करत होत्या. मास्तर काय म्हणतील ते त्यांना आधीच ऐकू येत होतं.

मास्तर तेच म्हणाले.

“बयाबाई, भावना चांगली आहे. पण आपलं मंडळ मदत वाटणारं. मदत येते तिकडून, आपण पोचवतो इकडे. आता ज्यांना पत्रे दिले तेच परदेशी दान करायला निघाले असं विलायतेला कळलं, तर ते म्हणतील यांना गरजच नव्हती.”

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पाळकसाहेबांनी मान डोलावली. डॉक्टर साळवी म्हणाले, “जुनी कापडं. परदेशात घेतील का? रोगराईचा प्रश्न येतो.”

बयाबाई म्हणाल्या, “गरज हाय म्हणूनच त्यांना दुसऱ्याची गरज कळली, मास्तर. आणि आपण नुसते पोचवणारे असं घटनेत कुठं लिहिलंय? तिसरं कलम काढा बघू.”

मास्तरांनी स्वतःच्या सुंदर अक्षरातला अनुवाद काढला आणि वाचलं : “आपत्तीत सापडलेल्या मनुष्यमात्रास, जात, धर्म वा देश न पाहता, यथाशक्ति साह्य करणे, हा मंडळाचा हेतू राहील.”

“यथाशक्ति म्हणजे?”

“म्हणजे… ज्याची जेवढी शक्ती असेल तेवढं.”

“आणि देश न पाहता?”

मास्तरांचं बोट त्या ओळीवरच राहिलं. त्यांना आठवलं, ‘मनुष्यमात्र’ हा शब्द त्यांना सापडला तेव्हा पाळकांच्या ओसरीवर ते आनंदानं उभे राहिले होते.

एवढ्यात चहा आला. सवयीनं सगळ्यांनी सुभेदारांकडे बघितलं. पण आवळ्यांनी बशी हातात घेतली नाही.

“मी गेलोय तिथं,” ते म्हणाले.

“कुठं?”

“इराणात. त्रेचाळीस साली. आमी पलटणीच्या लॉऱ्या चालवायचो, बंदरावरनं माल उत्तरंला. डोंगरात बर्फ पडलं आन् माझी लॉरी बंद पडली. मी आन् संगट एक मानसिंग नावाचा गडी. हात काळंनिळं पडलं. जवळ एक खेडं हुतं, मातीच्या घरांचं. एका म्हातारीनं दार उघडलं. आमची भाषा तिला येत न्हाई, तिची आमाला येत न्हाई. घरात मधोमध चौरंगासारखं मेज, खाली निखाऱ्याची शेगडी, आन् त्या मेजावरनं ही एवढी मोठी गोधडी सोडल्याली. सगळं घर त्या गोधडीखाली पाय घालून बसल्यालं. पोरं, म्हातारी, सून. म्हातारीनं गोधडीचं एक टोक उचललं आन् हातानं खूण केली, या म्हणून. दोन दिस आमी तिथं बसून हुतो.”

सुभेदार इतकं बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते पुढे म्हणाले, “गोधडी नसंल तर ती माणसं हिवाळ्यात घरात बसणार कुठं?” मग बशी उचलली. “मंजूर.”

डॉक्टर म्हणाले, रोगराईचं मी बघतो. पाळक म्हणाले, रविवारी चर्चमध्ये सांगतो. सगळे मास्तरांकडे बघू लागले.

“अनुवाद मीच केलाय,” मास्तर म्हणाले. “माझ्याच शब्दाविरुद्ध मत कसं देऊ? लिहा, एकमतानं.”

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. मंडळानं विलायतेला कळवलं, विलायतेनं मुंबईतल्या आपल्या कचेरीला कळवलं, आणि नोव्हेंबराच्या मध्याला इराणी आखातात जाणाऱ्या बोटीत जागा मिळाली. उंबरटेकच्या बायांनी शेजारच्या दोन गावांतही निरोप फिरवला. मिरजेच्या चर्चमधल्या बाया लागल्या, सांगलीच्या लागल्या. शनिवारी दुपारी शिवणखोलीचं काम संपलं की तिथे वाकळांचा ढीग पडे आणि बयाबाई चष्मा नाकावर ओढून एकेक उलटी करून बघत. टाके लांब पडले असतील तर वाकळ परत. नऊ परत गेल्या, त्यात एक पाळकसाहेबांच्या बायकोची होती. पाळकीणबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी नवीन घेऊन आल्या, आणि ती सगळ्यांत सुरेख निघाली.

एकूण भरल्या एकशे बारा. उंबरटेकच्या सदतीस. अंजनाची लहानशी, कडेला लाल-पिवळ्या त्रिकोणी तुकड्यांची नक्षी.

मुंबईच्या कचेरीनं कळवलं की जुनं कापड वाफेनं जंतुमुक्त केल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. डॉक्टर साळवींनी परवानगी काढली. रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर, दवाखान्यातलं वाफेचं यंत्र रिकामं असताना, पहिल्या वीस वाकळा आत गेल्या. तासाभरानं झाकण उघडलं आणि बयाबाईंनी कपाळावर हात मारला. कुणाच्या तरी वाकळेत इरकली लुगड्याचा लाल तुकडा होता, त्यानं सगळीकडे रंग सोडला होता. वीसच्या वीस वाकळांवर गुलाबी ढग उतरले होते.

“हे काय, बयाबाई?” डॉक्टर म्हणाले. “होळी खेळलात?”

“आवं डॉक्टर, आता काय करायचं?”

“जंतू मेले. मला तेवढंच लिहायचंय.” त्यांनी दाखला लिहिला आणि शेवटी हसत एक ओळ घातली : रंगाबद्दल हमी नाही. ती मास्तरांनी खोडायला लावली.

पुढच्या खेपांना लाल वाकळा वेगळ्या काढल्या, पण त्या वीस गुलाबीच राहिल्या.

गठ्ठे बांधायचं काम केरबानं अंगावर घेतलं. गोणपाटात शिवलेले सहा गठ्ठे त्यानं पार्सल हापिसात नेऊन ठेवले आणि त्यांच्यावर स्वतःच्या हातानं रंगानं मोठ्ठं ‘इराण’ काढलं. मास्तरांनी शेजारी इंग्रजीत पत्ता घातला. गाडी सुटायच्या दिवशी आक्काताई आणि अंजना एस्टीनं मिरजेला आल्या. आक्काताईनं आगगाडी आजवर लांबूनच बघितली होती. तिनं इंजिनाला वळसा घालून ते सगळ्या बाजूंनी बघितलं आणि मग गठ्ठ्यावर हात ठेवला.

“त्यांची भाषा कंची?”

“फारशी,” सुभेदार म्हणाले. ते पलटणीचे बिल्ले लावून आले होते.

“मग त्ये वाकळंला काय म्हणत्यात?”

सुभेदारांनी आठवून सांगितलं, “लहाफ.”

“लहाफ!” आक्काताईला फार गंमत वाटली. दोघी ‘लहाफ, लहाफ’ म्हणून हसायला लागल्या, आणि अंजनाची पोरगीही त्यांचं बघून हसायला लागली.

केरबानं हिरवा बावटा हातात घेतला. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, पण त्यानं सहकाऱ्याकडून मागून घेतली होती. गाडी हलली तसा तो बयाबाईंकडे बघून ओरडला, “गाड्या पुण्याला सोडल्या, कोल्हापूरला सोडल्या, बेळगावला सोडल्या. इराणला पयलीच!”

फेब्रुवारीत इराणहून उत्तर आलं. तिथं काम करणाऱ्या एका इराणी ख्रिस्ती शिक्षिकेनं इंग्रजीत लिहिलेलं पत्र आणि सोबत एक फोटो. पत्र मास्तरांनी वाचता वाचताच मराठी करून सांगितलं. वाकळा दोन खेड्यांत वाटल्या होत्या. मेजावरून सोडायला एक अपुरी पडते, म्हणून तिथल्या बायकांनी दोन-दोन जोडून शिवल्या. गुलाबी वाकळांसाठी मुलींच्यात ओढाओढ झाली. आणि ही पाठवणारी माणसं स्वतः भूकंपातून उठलेली आहेत असं सांगितल्यावर एका बाईनं विचारलं, त्यांच्या घरावर आता छप्पर आहे का? ‘मला ठाऊक नव्हतं. कृपया कळवा, ती मला रोज विचारते.’

फोटोत एक मेज, त्यावर दोन वाकळा जोडून सोडलेल्या आणि भोवती सात माणसं पाय आत घालून बसलेली. सुभेदारांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

बयाबाई तो फोटो घेऊन उंबरटेकला गेल्या. आक्काताईनं आपली वाकळ लगेच ओळखली, आजेसासूच्या हिरव्या लुगड्यावरून. सगळ्या गावात फोटो फिरला. उत्तर बयाबाईंनीच लिहिलं, मराठीत, आणि मास्तरांनी त्याचं इंग्रजी केलं : छप्पर आहे, पत्र्याचं आहे, भिंती या उन्हाळ्यात होतील.

एकोणसत्तरच्या जूनमध्ये मास्तरांनी डोळ्यांचं कारण सांगून अध्यक्षपद सोडलं. आणि स्वतःच बयाबाईंचं नाव सुचवलं.

“मला इंग्रजी येत न्हाई,” बयाबाई म्हणाल्या.

“मला येतं,” मास्तर म्हणाले. “मी वाचून सांगेन. प्रश्न तुम्ही विचारा. मला अजून ते जमत नाही.”

सुभेदार म्हणाले, “मंजूर,” आणि त्या वेळी चहा अजून यायचा होता.

त्याच महिन्यात विलायतेहून नवीन बेत कळवला गेला. एका देशातून मदतीची मागणी आली की ती आधी दुसऱ्या देशातल्या मंडळानं वाचायची आणि मत द्यायचं, कारण मदत घेतलेल्या माणसांना घेण्यातले खाचखळगे ठाऊक असतात. मिरजेच्या वाट्याला पहिलं पाकीट आलं टांझानियातल्या एका खेड्याचं. त्यांना विहिरीवर तेलावर चालणारा पंप हवा होता. कागद व्यवस्थित होते, शिक्के होते, नकाशाही होता.

मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. पाळक म्हणाले, “चांगलं दिसतंय.” बयाबाईंनी नकाशा उलटा-सुलटा करून बघितला.

“पंप बिघडला तर?”

“म्हणजे?”

“दुरुस्त कोण करणार? फिटर किती लांब राहतो? आणि पाणी भरणाऱ्या बायांना कुणी विचारलंय का, पंप पाहिजे का हातानं ओढायचा रहाट पाहिजे?”

तेवढे तीन प्रश्न लिहून पाठवले. तिकडून उत्तर आलं की फिटर नव्वद मैलांवर आहे, आणि बायांना विचारलं नव्हतं. आता विचारलं, तर त्या म्हणाल्या, पंप चालेल, पण आमच्याच गावातल्या दोघांना तो उघडून जोडायला शिकवा. मंडळानं मत दिलं : आधी दोन माणसं शिकवावीत, मग पंप द्यावा. विलायतेनं ते मान्य केलं.

तो निर्णय झाला त्या संध्याकाळी बयाबाई घरी आल्या. केरबा ओट्यावर पाय धूत बसला होता. त्यानं हात वर करून विचारलं, “आज कुठल्या गावची सभा?”

“टांझानियातल्या.”

“ते कुठं आलं?”

“आफ्रिकेत.”

केरबानं तांब्या खाली ठेवला आणि थोडा विचार केला. “तिकडं मीटर गेज हाय का ब्रॉड गेज?”

“ते न्हाई विचारलं,” बयाबाई म्हणाल्या आणि पदराची सुई काढून त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शोधू लागल्या. “थांबा, पुढच्या पत्रात विचारते.”